डेबिट कार्ड घरी ठेवून रोजचा खर्च क्रेडिट कार्डावर करायचा असेल तर

जून-जुलै आला की सांगलीतल्या विश्रामबागच्या आमच्या छोट्याशा ऑफिसात रिटर्न भरायला येणाऱ्यांची रांग लागते. येताना लोक बँकेचे उतारे आणतात आणि हल्ली त्यासोबत क्रेडिट कार्डाची बिलंही. बिलं चाळताना ‘फायनान्स चार्जेस’, म्हणजे व्याजाची, ओळ दिसली की मी विचारतो, हे काय? उत्तर ठरलेलं असतं: “अहो, मी तर दर महिन्याला भरतोय.” भरतात खरंच. पण काय भरतात आणि कधी भरतात, तिथेच घोळ असतो.

म्हणून हा लेख पायऱ्यांच्या क्रमाने लिहिला आहे. क्रम बदलू नका. बहुतेक चुका पाचवी पायरी आधी आणि चौथी नंतर केल्यामुळेच होतात.

## सुरुवातीआधी: हे तुमच्यासाठी आहे का?

एकच कसोटी. जो खर्च तुम्ही आज डेबिट कार्डाने करू शकता, म्हणजे ज्याचे पैसे आत्ता खात्यात पडून आहेत, तोच क्रेडिट कार्डावर करायचा. कार्डाची मर्यादा दीड लाख आहे म्हणजे बँकेने दीड लाखाची उचल दिली, असं नाही. साखर कारखान्याची पहिली उचल आपल्याच उसाची असते. इथला ऊस दुसऱ्याचा आहे.

मग बदलायचं कशाला? डेबिट कार्डावर कोणी हात मारला तर तुमच्या बचत खात्यातले पैसे जातात आणि तक्रारीचा निकाल लागेपर्यंत घराचा हप्तासुद्धा अडकू शकतो. क्रेडिट कार्डावर तोच प्रकार झाला तर वाद बिलावरच्या रकमेचा असतो, खात्यातली शिल्लक जागेवर राहते. शिवाय वेळेवर भरलेलं प्रत्येक बिल सिबिलसारख्या, कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या संस्थांकडे नोंदलं जातं आणि पुढे कर्ज मागताना उपयोगी पडतं. रिवॉर्ड पॉइंट वगैरे त्यानंतर.

थांबा: सोनेतारण किंवा हातउसनं चालू असेल, महिन्याची वीस तारीख आली की खातं रिकामं होत असेल, तर आधी ते मिटवा. कार्ड पुढच्या वर्षी घेता येतं.

## पायरी १: एकच कार्ड, एकच अर्ज

मॉलमधल्या टेबलावर, पेट्रोल पंपावर, फोनवर असे तीन-चार अर्ज एकदम करू नका. प्रत्येक अर्जामागे बँक तुमचा पत अहवाल मागवते आणि ती चौकशी अहवालात दिसते. महिनाभरात चार चौकशा म्हणजे पुढच्या बँकेला वाटतं, माणूस अडचणीत आहे.

आपल्याकडे अनेकांचं मुख्य खातं सहकारी बँकेत किंवा पतसंस्थेत असतं आणि पगाराची स्लिप नसते. त्यांच्यासाठी सोपा रस्ता म्हणजे मुदत ठेवीवरचं कार्ड. कार्ड देणाऱ्या बँकेत ठेव ठेवायची, तिच्यावर बँक ताबा (लीन) नोंदवते, म्हणजे तो उठेपर्यंत ठेव मोडता येत नाही, आणि ठेवीच्या काही टक्के मर्यादेचं कार्ड देते. ठेवीवर व्याज मिळत राहतं. पतसंस्थेतली ठेव याला चालत नाही, ठेव त्याच बँकेत हवी.

अर्जावर सही करण्याआधी चार आकडे लिहून घ्या: वार्षिक शुल्क, दरमहा व्याज, उशिराचा दंड, रोख काढण्याचं शुल्क. ‘पहिलं वर्ष फ्री’ आणि ‘कायमचं फ्री’ यांत फरक आहे. ५०० रुपयांचं वार्षिक शुल्क १८ टक्के जीएसटीसह ५९० होतं.

## पायरी २: कार्ड घरी आलं की त्याच संध्याकाळी

क्रमाने करा.

१. बँकेचं अधिकृत ॲप स्वतः उतरवून घ्या. मेसेजमधल्या लिंकवरून नको.

२. ॲपमध्ये कार्ड सुरू करा आणि पिन ठरवा. ३० दिवसांत सुरू केलं नाही तर बँकेला तुमची ओटीपीने संमती घ्यावी लागते आणि ती न दिल्यास कार्ड बंद करावं लागतं.

३. नवीन कार्ड येतं तेव्हा ते देशातल्या एटीएम आणि दुकानातल्या मशीनपुरतंच सुरू असतं. ऑनलाइन, टॅप आणि परदेशी व्यवहार तुम्ही स्वतः सुरू करायचे असतात. ऑनलाइन सुरू करा, परदेशी बंदच ठेवा.

४. प्रत्येक प्रकारासमोर रकमेची मर्यादा घाला. बँकेने दीड लाख दिले म्हणून दीड लाख ठेवायचे नाहीत. घरखर्च पंचवीस हजारांचा असेल तर व्यवहाराच्या मर्यादा त्याच बेताने खाली ओढा.

५. आता डेबिट कार्डाच्या ॲपमध्ये जा. त्याचे ऑनलाइन, टॅप आणि परदेशी व्यवहार बंद करा, एटीएम चालू ठेवा. ही पायरी शंभरातले नव्वद जण गाळतात, निदान माझ्यासमोर बसणारे तरी. क्रेडिट कार्ड घेतलं, पण बचत खात्याचं दार उघडंच राहिलं, तर बदल केला कशासाठी?

सावधान: कार्ड आल्यानंतर एक-दोन दिवसांत “कार्ड ॲक्टिव्हेट करून देतो, ओटीपी सांगा” असा फोन आला तर तो बँकेचा नाही. कार्ड सुरू करायला कुणालाही ओटीपी सांगावा लागत नाही.

## पायरी ३: दोन तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा

इथे जरा सावकाश वाचा, सगळा खेळ इथे आहे.

पहिली तारीख बिल तयार होण्याची, म्हणजे स्टेटमेंट डेट. दुसरी पैसे भरायची शेवटची, म्हणजे ड्यू डेट. समजा बिल दर महिन्याच्या १२ तारखेला निघतं आणि भरायची तारीख पुढच्या महिन्याची १ आहे. १३ जूनला गणपती पेठेतून किराणा भरला तर तो १२ जुलैच्या बिलात येतो आणि भरायचा १ ऑगस्टला. जवळजवळ पन्नास दिवस. तोच किराणा ११ जूनला भरला असता तर १२ जूनच्या बिलात येऊन १ जुलैला भरावा लागला असता, म्हणजे वीस दिवस. ‘पन्नास दिवस बिनव्याजी’ ही जाहिरात त्यामुळे अर्धीच खरी.

आणि त्या पन्नास दिवसांना एक अट आहे: मागचं बिल पूर्ण भरलेलं असलं पाहिजे. एक रुपया जरी मागे राहिला तरी बहुतेक कार्डांवर बिनव्याजी मुदत जाते आणि नव्या खरेदीवरही खरेदीच्या दिवसापासून व्याज लागतं.

आता मिनिमम ड्यूचा, म्हणजे बिलावर दिलेल्या किमान भरायच्या रकमेचा, हिशेब करू. समजा व्याज दरमहा साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के. १५ जूनला २०,००० रुपयांचं वॉशिंग मशीन घेतलं. १ ऑगस्टला मिनिमम ड्यूपेक्षा बरेच जास्त, म्हणजे २,००० रुपये भरले आणि समाधान मानलं. १२ ऑगस्टच्या बिलात काय येतं ते पाहा. २०,००० वर १५ जून ते १ ऑगस्ट, ४७ दिवसांचं व्याज सुमारे १,०८२. उरलेल्या १८,००० वर पुढच्या ११ दिवसांचं सुमारे २२८. बेरीज १,३१०, त्यावर १८ टक्के जीएसटी २३६. एकूण १,५४६. दोन हजार भरून मुद्दल साडेचारशेने कमी झालं.

व्याज १ ऑगस्टपासून लागेल असं सगळ्यांना वाटतं. ते १५ जूनपासून लागलं, हे पुन्हा वाचा. व्याजाला ३० टक्क्यांची कमाल मर्यादा घालणारा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा २००८ चा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला, तेव्हा त्या भरवशावरही कोणी राहू नये.

तुमची तारीख तुम्ही बदलू शकता. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार बिलाचं चक्र निदान एकदा तरी बदलून मागण्याचा हक्क ग्राहकाला आहे. नोकरदाराचा पगार ३० तारखेला किंवा १ तारखेला होत असेल तर भरायची तारीख ५ ते ७ च्या आसपास घ्या. पगाराआधी दोन दिवस भरायची तारीख ही सर्वांत वाईट.

द्राक्ष आणि उसावर घर चालणाऱ्यांची गोष्ट वेगळी. तासगावच्या एका बागायतदाराचे पैसे फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये येतात आणि कार्डाचं बिल मात्र बारा महिने. त्यांना मी सांगितलेला उपाय साधा आहे: हंगामाचे पैसे आले की चार-पाच महिन्यांच्या घरखर्चाएवढी रक्कम वेगळ्या बचत खात्यात टाकायची आणि कार्डाचं बिल फक्त त्याच खात्यातून जाऊ द्यायचं. ते खातं आटलं की कार्ड कपाटात.

## पायरी ४: भरणा आधी लावा, खर्च नंतर

कार्ड पहिल्यांदा घासण्याआधी ऑटो-डेबिट लावा, म्हणजे बिल खात्यातून आपोआप भरलं जाईल. ॲपमध्ये दोन पर्याय येतात: ‘टोटल ड्यू’, म्हणजे पूर्ण बिल, आणि ‘मिनिमम ड्यू’. टोटल निवडा. अनेक ठिकाणी मिनिमम आधीच निवडलेला असतो.

मी स्वतः इथेच आपटलो. पहिलं कार्ड घेतलं तेव्हा घाईत ऑटो-डेबिट लावलं, पर्याय पाहिला नाही. पाच महिने खात्यातून पैसे जात होते म्हणून मी निर्धास्त. दिवाळीचं बिल उघडलं तेव्हा कळलं की दर महिन्याला फक्त पाच टक्के जात होते. दुसऱ्यांचे हिशेब तपासणारा माणूस मी. ऑफिसात आजही यावरून चेष्टा होते.

कार्ड एका बँकेचं आणि खातं दुसऱ्या बँकेत असेल तर ही नोंदणी व्हायला बरेच दिवस लागतात, एखादं बिल मध्येच निसटतं. म्हणून पहिलं बिल हाताने भरा, तेही शेवटच्या तारखेच्या तीन-चार दिवस आधी. नोंदणी झाल्यावर मात्र शेवटच्या दोन दिवसांत हाताने भरू नका. तुमचे पैसे पोहोचेपर्यंत ऑटो-डेबिटही निघालेलं असतं आणि बिल दोनदा कापलं जातं. परत मिळतं, पण डोक्याला ताप.

आता सवयीचा भाग. पूर्वी किराणा दुकानात वही असायची, दुकानदार लिहायचा आणि आपण पगाराला मिटवायचो. कार्डाची वही दुकानदाराकडे नाही, बँकेकडे आहे, आणि ती महिन्यातून एकदाच दाखवली जाते. तेव्हा आपली वही आपण ठेवायची. रात्री झोपण्याआधी त्या दिवशी कार्डावर जेवढा खर्च झाला तेवढी रक्कम रोजच्या खात्यातून भरण्याच्या खात्यात सरकवा. दुसरं खातं नसेल तर साध्या डायरीत उरलेली शिल्लक खर्च वजा करून लिहा. हे न करणाऱ्यांची शिल्लक महिनाभर फुगलेली दिसते आणि त्या फुगलेल्या शिलकेतून ते वर आणखी खर्च करतात.

तपासा: ॲपमध्ये ऑटो-डेबिटसमोर ‘टोटल’ आणि ‘ॲक्टिव्ह’ असे दोन्ही शब्द दिसतात का? दिसत नसतील तर पुढची पायरी नको.

## पायरी ५: खर्च एकेक करून हलवा

पहिला महिना फक्त किराणा आणि औषधं. रक्कम ओळखीची असते, त्यामुळे बिल जुळवणं सोपं जातं.

दुसऱ्या महिन्यात मोबाइल, ब्रॉडबँड आणि ऑनलाइन खरेदी. दर महिन्याला आपोआप जाणारे पैसे कार्डावर लावलेत तर त्यांची यादी ॲपमध्ये दिसते. १५,००० रुपयांपर्यंतची अशी रक्कम एकदा परवानगी दिली की दर वेळी ओटीपी न मागता कापली जाते, म्हणून विसरलेल्या वर्गण्या तिथे वर्षानुवर्षं चालू राहतात.

तिसऱ्या महिन्यात पेट्रोल आणि विम्याचे हप्ते. पेट्रोलवर साधारण एक टक्का अधिभार लागतो. बरीच कार्डं तो परत करतात, पण ठरावीक रकमेच्या टप्प्यातच. शंभर-दोनशेचं पेट्रोल कार्डावर टाकणाऱ्याला ती सूट बहुधा मिळत नाही.

मर्यादेच्या ३० टक्क्यांच्या आत राहा. पन्नास हजारांची मर्यादा असेल तर पंधरा हजार. हा नियम कुठे छापलेला नाही, पण सतत काठोकाठ वापरलेलं कार्ड पत अहवालात चांगलं दिसत नाही.

## पायरी ६: दुकानात उभं असताना

मशीनवरची रक्कम आधी वाचा, मग टॅप करा. ५,००० रुपयांपर्यंत पिन लागत नाही, म्हणजे चुकून एक शून्य जास्त पडलं तर अडवणारं कोणी नाही. कार्ड आत नेऊ देऊ नका, मशीन बाहेर मागवा.

मिरजेच्या लक्ष्मी मार्केटमध्ये किंवा सांगलीच्या मारुती रोडला निम्म्या दुकानांत मशीन नसतं, क्यूआर असतो. रुपे क्रेडिट कार्ड असेल तर ते यूपीआय ॲपला जोडता येतं, ही सोय २०२२ पासून आहे. पण ते फक्त व्यापारी क्यूआरवर चालतं. भाजीवाल्या मावशींनी मुलाच्या खात्याचा क्यूआर लावलेला असेल तर नकार येतो. तिथे वाद घालू नका, सुटे द्या. कोणाच्या खात्यावर पैसे पाठवायलाही हे कार्ड चालत नाही.

यूपीआयला जोडताना आणखी एक काळजी. पैसे देताना ॲप खातं विचारतं आणि घाईत बचत खातंच निवडलं जातं. मग महिनाअखेरीस कुठून काय गेलं याचा मेळ बसत नाही. ॲपमध्ये कोणतं खातं आधी येतं ते एकदा ठरवून ठेवा.

आणि रोख जवळ ठेवाच. ऑगस्ट २०१९ च्या पुरात वीज आणि नेटवर्क गेलं तेव्हा कोणतंही कार्ड कामाचं नव्हतं. दोन-तीन हजार घरात असू द्या.

## कार्डावर मुळीच नको

एटीएममधून रोख. यावर बिनव्याजी मुदत नाहीच, त्याच दिवसापासून व्याज, शिवाय वेगळं शुल्क. क्रेडिट कार्ड एटीएममध्ये घालायचंच नाही एवढं घरात सगळ्यांना सांगा.

वरून दोन टक्के मागणारं दुकान. सराफ कट्ट्यावर किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात “कार्ड असेल तर दोन टक्के जास्त” असं ऐकायला मिळतं. पन्नास हजारांवर हजार रुपये गेले, तुमचे पॉइंट शे-दोनशेचे. तिथे चेक किंवा यूपीआय.

वीजबिलही पाहून भरा. महावितरणच्या ऑनलाइन भरण्यात क्रेडिट कार्डाला वेगळं शुल्क लागतं, बाकी मार्गांना लागत नाही. कुठल्याही सरकारी भरण्यात शेवटच्या पडद्यावरची एकूण रक्कम वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

‘नो कॉस्ट’ हप्ते. व्याज दुकानदार सोसतो म्हणतात, पण त्या व्याजावरचा जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क तुमच्याच बिलात येतं. रोखीने मिळणारी सूट जाते ती वेगळीच.

मेहुण्याचा मोबाइल. “दाजी, ऑफर तुमच्याच कार्डावर आहे, पैसे लगेच देतो.” नात्यात नाही म्हणणं अवघड, हे मला कळतं. पण खर्च तुमच्या नावावर नोंदला जातो. वर्षभरात एका बँकेच्या कार्डांची बिलं १० लाखांवर, किंवा रोखीने १ लाखावर भरली गेली की बँक ती आयकर खात्याला कळवते. मग “हे पैसे कुठून आले” याचं उत्तर दाजींना द्यावं लागतं, मेहुण्याला नाही. असे दोन दाजी गेल्या वर्षी माझ्यासमोर बसले होते.

## पायरी ७: बिल आलं त्या रात्री

एक कप चहा, पेन, आपली डायरी. वीस मिनिटं लागतात.

ओळीमागून ओळ डायरीशी जुळवा. न ओळखू येणारं नाव दिसलं तर लगेच घाबरू नका. दुकानाच्या पाटीवरचं नाव आणि मशीन ज्याच्या नावावर आहे ते नाव बऱ्याचदा वेगळं असतं. तारीख आणि रक्कम आठवा. तरी जुळलं नाही तर तक्रार करा.

‘शुल्क’, ‘विमा’, ‘प्रोटेक्शन प्लॅन’ अशा शब्दांवर खूण करा. संमतीशिवाय लावलेलं असेल तर लेखी हरकत घ्या.

परत केलेल्या वस्तूचं काय? दुकानदार “रिफंड टाकला” म्हणाला म्हणजे तो बिलातून वजा झाला असं नाही. तो कार्डावर जमा झालेला दिसेपर्यंत बिल पूर्ण भरा. भरायच्या तारखेआधी जमा झाला तर बँकेने तो देय रकमेतून वळता करायला हवा, तेही तपासा.

शेवटची तारीख चुकलीच तर लक्षात येईल त्याच दिवशी भरा. तीन दिवस उलटल्याशिवाय दंड लावता येत नाही आणि थकबाकी म्हणून कळवताही येत नाही, असा नियम आहे. ती सवलत तारीख विसरलेल्यासाठी आहे. तिलाच भरायची शेवटची तारीख समजणारेही मी पाहिले आहेत.

## पायरी ८: न केलेला व्यवहार दिसला तर

पहिला फोन बँकेला नव्हे, पहिलं बोट ॲपवर: कार्ड ब्लॉक करा. मग बँकेच्या क्रमांकावर तक्रार. तो क्रमांक कार्डाच्या मागे असतो, गुगलवर शोधू नका. तक्रार क्रमांक लिहून घ्या. मग १९३० या सायबर मदत क्रमांकावर नोंद.

तीन कामकाजाचे दिवस हा आकडा लक्षात ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक तुमची नसेल, बँकेचीही नसेल आणि तिसऱ्याच कोणी पैसे लांबवले असतील, तर तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास तुमची जबाबदारी शून्य. चार ते सात कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास मर्यादित: पाच लाखांपर्यंत मर्यादा असलेल्या क्रेडिट कार्डाला कमाल १०,००० रुपये. त्यापुढे बँकेच्या धोरणावर. पण ओटीपी तुम्हीच सांगितला असेल तर तक्रार पोहोचेपर्यंतचं नुकसान तुमचं. ‘सोमवारी बघू’ म्हणणारे इथे हरतात.

बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही किंवा उत्तर पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फी नाही. तिथे तोच तक्रार क्रमांक लागतो, जो बहुतेकांनी लिहून घेतलेला नसतो.

## पायरी ९: जमत नसेल तर कार्ड बंद करणं

सलग दोन महिने पूर्ण बिल भरता आलं नाही तर खर्च पुन्हा डेबिट कार्डावर आणा. कार्ड कात्रीने कापलं म्हणजे बंद झालं नाही, वार्षिक शुल्क चालूच राहतं.

क्रम असा: सगळी बाकी आणि चालू हप्ते मिटवा, आपोआप जाणाऱ्या वर्गण्या दुसरीकडे हलवा, उरलेले पॉइंट वापरून टाका, मग ॲपवरून किंवा ईमेलने बंद करण्याची विनंती पाठवा. बाकी शून्य असेल तर बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करायचं असतं. उशीर झाला तर दिवसाला ५०० रुपये तुम्हाला द्यायचे असतात. फोनवर “सर, वर्षभर फ्री करून देतो” असा आग्रह होईल. होऊ द्या.

बंद झाल्याचं लेखी उत्तर जपून ठेवा आणि दोन महिन्यांनी पत अहवाल काढा, तो वर्षातून एकदा फुकट मिळतो. त्यात त्या कार्डासमोर ‘क्लोज्ड’ आणि बाकी शून्य दिसली पाहिजे. ठेवीवरचं कार्ड असेल तर ठेवीवरचा ताबा उठला का, हे शाखेत जाऊन विचारा. तो आपोआप उठेल या समजुतीत लोक ठेव मोडायला जातात आणि काउंटरवरून परत येतात.